एक भाषा, दोन राज्ये : निजामी मराठवाडा आणि इंग्रजी वऱ्हाड यांच्या राहणीमानाची तुलना

प्रास्ताविक

दोन देशांच्या विकासाची तुलना करावयाची म्हटली की प्रथम दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे येतो. या एका आकड्याने माणसाच्या जगण्याची पुरेशी ओळख होत नाही, हे जाणून अर्थतज्ज्ञ महबूब-उल-हक यांनी १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण यांचाही विचार झाला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. प्राध्यापक अमर्त्य सेन यांचे साहाय्य त्यांना लाभले होते. हा दृष्टिकोन केवळ आजच्या राष्ट्रांना लागू पडतो असे नाही. इतिहासातील राज्यांची तुलना करतानाही त्याचा उपयोग होतो.

हैदराबाद संस्थानाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आढळतात. एका समजुतीप्रमाणे निजामाचे राज्य म्हणजे वैभवाचा सुवर्णकाळ होता. अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने फेब्रुवारी १९३७ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्यांना जगातील सर्वांत श्रीमंत व्यक्ती म्हटले होते, याचा दाखला त्यासाठी दिला जातो. दुसऱ्या समजुतीप्रमाणे ते राज्य म्हणजे निव्वळ अंधारयुग होते आणि शेजारच्या इंग्रजी मुलखात मात्र प्रगतीच प्रगती होती. महाविद्यालयाच्या वर्गात हे दोन्ही समज घेऊन विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले असतात. कोणाला पूर्वजांचा अभिमान वाटतो, कोणाला त्यांच्याबद्दल राग असतो, तर कोणी मनात एक ओझे बाळगून गप्प राहतो. अशा वेळी शिक्षकाच्या हाती तपासून घेता येईल अशी माहिती असणे आवश्यक आहे. या दृष्टीने मराठवाडा आणि वऱ्हाड यांची तुलना विशेष बोधप्रद ठरते.

तुलनेची भूमी

हे दोन्ही प्रदेश मराठी भाषिक, दोन्हीकडे काळी जमीन, आणि १८५३ पर्यंत दोन्ही निजामाच्याच अमलाखाली होते. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढत गेल्याने ईस्ट इंडिया कंपनीने २१ मे १८५३ रोजी तह करून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा भाग आपल्या ताब्यात घेतला. १८६० च्या तहाने रायचूर व धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या खंडाने ते कायमचे घेतले आणि पुढील वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. नावापुरती मालकी निजामाचीच होती. १९३६ पासून हैदराबादच्या युवराजांना 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब होता, तो याच कारणाने.

अशा रीतीने एकाच भाषेचा, एकाच मातीचा प्रदेश जवळपास शंभर वर्षे दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांत विभागला गेला. सिंदखेडराजा वऱ्हाडात, तर तेथून जवळचेच जालना निजामी मुलखात. पैनगंगेच्या एका काठी कलदार रुपया, दुसऱ्या काठी हाली सिक्का. मध्ये करोडगिरीचा नाका असे आणि तेथे मालावर जकात भरावी लागे. सोयरीक मात्र दोन्ही बाजूंना होत असे. इतिहासाच्या अभ्यासकाला असा योग क्वचितच मिळतो.

आकडे वाचण्यापूर्वी

या तुलनेत काही अडचणी आहेत आणि त्या विद्यार्थ्यांना आधीच सांगितल्या पाहिजेत. पहिली अडचण चलनाची. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते व साधारणपणे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली म्हणजे शंभर रुपये कलदार असा भाव धरला जाई. म्हणजे संस्थानातील ३५ रुपये पगार हा इंग्रजी मुलखातील ३० रुपयांइतका. हे लक्षात न घेता दोन्हीकडील मजुरी शेजारी मांडली तर निष्कर्ष चुकतो.

दुसरी अडचण वर्षाची. संस्थानचे कागद फसली सनात आहेत. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, परंतु फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने एक फसली वर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांत विभागले जाते. उदाहरणार्थ, १३३९ फसली म्हणजे १९२९-३०.

तिसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. संस्थानचा सारा भूभाग सरकारच्या थेट अमलाखाली नव्हता. सुमारे चाळीस टक्के प्रदेश सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, तसेच पायगा आणि जहागिरी यांत वाटलेला होता. दिवाणी मुलखातील सुधारणा जहागिरीत पोचतीलच याची खात्री नसे. म्हणून 'हैदराबाद संस्थानात असे होते' या सरसकट विधानामागे अनेक वेगवेगळ्या परिस्थिती दडलेल्या असतात.

जमीन, कापूस आणि रेल्वे

ज्या वर्षी वऱ्हाड गेले त्याच वर्षी पहिले सालारजंग, मीर तुराब अली खान, हे वयाच्या चोविसाव्या वर्षी हैदराबादचे दिवाण झाले. १८८३ पर्यंत तीस वर्षे त्यांनी कारभार पाहिला. महसुलाची मक्तेदारी बंद करणे, १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून पगारी अधिकारी नेमणे, न्यायालये व पोलीस खाते उभारणे, ही त्यांची कामे. १८७४ साली त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून सय्यद मेहदी अली यांना बोलावले. पुढे मोहसिन-उल-मुल्क या नावाने ते अलिगढ महाविद्यालयाचे सचिव म्हणून प्रसिद्धीस आले. जमीन मोजणी व जमाबंदी खात्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मराठवाड्यातील मोजणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीवर झाली. वऱ्हाडातही १८६१ पासून हीच पद्धत लागू होती.

म्हणजे जमीन महसुलाच्या बाबतीत दोन्ही मुलूख परस्परांपासून फार दूर नव्हते. निदान दिवाणी भागातील शेतकरी कागदोपत्री तरी सारख्याच स्थितीत होता. फरक पडला तो बाजार आणि वाहतूक यांमुळे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला विलक्षण भाव आला. भुसावळहून अकोला, बडनेरा मार्गे नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पुरी झाली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे थेट लँकेशायरला जाऊ लागला. मराठवाड्याला मात्र मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे मिळाली ती १९०० च्या सुमारास, म्हणजे वऱ्हाडच्या मागून एक पिढी उलटल्यावर.

बाजाराच्या नियमनातही असेच अंतर दिसते. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा १८९७ साली झाला. या प्रकारचा हा देशातील पहिला कायदा मानला जातो. वजनमाप, अडत, दलाली यांवर त्यामुळे काही निर्बंध आले. हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजार कायदा १९३० मध्ये झाला. मधल्या तेहेतीस वर्षांत जालना, परभणी, नांदेडच्या शेतकऱ्याला काट्यापुढे कायद्याचा आधार नव्हता. सारा किती, हे सरकारी दप्तरात सापडते. पण गाडीभर कापूस विकून घरी प्रत्यक्ष किती पैसे आले, यावर कुटुंबाचे राहणीमान ठरत असते.

१८९९-१९०० चा दुष्काळ

येथपर्यंत पाहता वऱ्हाड सर्वच बाबतीत सरस होते असे वाटेल. १८९९-१९०० च्या दुष्काळाने या समजाची कसोटी पाहिली. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती; १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली, म्हणजे पाच टक्के घट. याच दशकात हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर आली. ही घट साडेतीन टक्क्यांहून थोडी कमी होती.

एवढ्यावर थांबले तर निजामी राज्याने दुष्काळाला इंग्रजांपेक्षा चांगले तोंड दिले असा निष्कर्ष निघेल. परंतु जिल्हावार आकडे वेगळेच चित्र दाखवितात. बीड जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ४२ हजारांवरून ४ लाख ९२ हजारांवर आली. म्हणजे सुमारे तेवीस टक्के घट. औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख २८ हजारांवरून ७ लाख २१ हजारांवर आली. ही घट तेरा टक्के. (हे जिल्हे त्या काळच्या नावांनी व सीमांनी घेतले आहेत.) या दोनच जिल्ह्यांतील घट अडीच लाखांहून अधिक आहे, तर साऱ्या संस्थानातील निव्वळ घट चार लाखांच्या आत. म्हणजे एका भागातील हानी दुसऱ्या भागातील स्थिरतेने सरासरीत झाकली गेली. या घटीत मृत्यूंबरोबर स्थलांतरही आहे. परंतु घरदार सोडून जावे लागणे हेही जगणे असह्य झाल्याचेच लक्षण होय.

वऱ्हाडात रेल्वे होती, बाजार होते, निर्यात होती. तरीही १९०० साली तेथील मृत्युप्रमाण फार वाढले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कापसाच्या लागवडीमुळे अन्नधान्यासाठी बाजारावर अवलंबून राहण्याचे प्रमाण वाढले होते. पीक बुडाले तेव्हा जमीनदार शेतकऱ्याजवळ थोडीफार शिल्लक होती. कापूस वेचणाऱ्या मजुराजवळ काहीच नव्हते. रेल्वेने धान्य येऊ शकत होते, पण ते विकत घेण्यासाठी हाती मजुरी हवी होती. बीडमध्ये रेल्वे नसल्याने धान्य पोचणे अवघड होते; वऱ्हाडात धान्य पोचूनही गरिबाच्या घरात जात नव्हते. दोन वेगळ्या व्यवस्थांत उपासमारीची कारणे वेगळी होती, एवढेच.

शाळा आणि भाषा

शिक्षणाच्या क्षेत्रात हैदराबादने एक मोठा प्रयोग केला. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा हे विषय एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, शिकवता येतात हे या विद्यापीठाने सिद्ध केले. त्यासाठी दारुल तर्जुमा ही अनुवादसंस्था स्थापन झाली. या कामात अग्रभागी असलेले मौलवी अब्दुल हक यांचे कार्यक्षेत्र बराच काळ औरंगाबाद हेच होते. इंग्रजी मुलखातील विद्यापीठांना जे धाडस झाले नाही ते येथे झाले, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे.

परंतु प्रश्न असा की ही भाषा किती मुलांच्या घरात बोलली जात होती? संस्थानात जवळपास निम्मे लोक तेलुगू, सुमारे एक चतुर्थांश मराठी आणि दहा-बारा टक्के उर्दू बोलणारे होते. कानडी भाषिकांची संख्याही मोठी होती. इंग्रजीऐवजी भारतीय भाषा, हे तत्त्व योग्य असले तरी जालन्याच्या मराठी मुलाला उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. खासगी शाळांसाठी सरकारी परवानगी आवश्यक होती आणि 'गश्ती निशान ५३' या हुकुमाने सभा-संमेलनांवरही बंधने होती. वऱ्हाडात मराठी शाळा, वृत्तपत्रे व सभा यांना त्या मानाने मोकळीक होती. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीला भरले होते. १९३८ मध्ये वंदे मातरम् चळवळीमुळे उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच.

परिणाम जनगणनेत दिसतो. १९०१ साली हैदराबाद संस्थानात साक्षरता सुमारे तीन टक्के होती. पन्नास वर्षांनी, १९५१ मध्ये, ती नऊ टक्क्यांच्या थोडी वर पोचली होती. त्याच वर्षी वऱ्हाड ज्यात होते त्या मध्य प्रदेशात साक्षरता साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होती. येथेही सावधगिरी हवी; या प्रांतात छत्तीसगढसारखे विस्तीर्ण भाग असल्याने ही सरासरी वऱ्हाडची खरी स्थिती सांगत नाही. त्याच जनगणनेत त्रावणकोर-कोचीनची साक्षरता सुमारे शेहेचाळीस टक्के होती. त्रावणकोरही संस्थानच होते, आणि तेथील राजाला जगातील सर्वांत श्रीमंत म्हणून कोणी ओळखत नव्हते. परंतु तेथे प्राथमिक शाळा गावोगाव पोचल्या होत्या. म्हणून 'संस्थानी राज्य म्हणजे मागासलेपण' हे समीकरण टिकत नाही. राज्याचा पैसा कोठे खर्च झाला, हे पाहावे लागते.

राजधानी आणि जिल्हा

तो पैसा बऱ्याच अंशी राजधानीत खर्च झाला. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर अभियंता विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेनुसार उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ स्थापन झाले. उस्मानिया रुग्णालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. शहराला शुद्ध पाणी मिळाले, पुराचे भय कमी झाले. त्या काळातील कोणत्याही भारतीय नगराला अभिमान वाटावा असे हे काम होते.

मोठ्या सिंचनाचे पहिले महत्त्वाचे काम, मांजरा नदीवरील निजामसागर, १९३१ पर्यंत पूर्ण झाले. त्याचा लाभ तेलंगणातील निजामाबाद भागाला झाला. ज्या बीड जिल्ह्यातून मांजरा उगम पावते तेथील शेती पावसावरच राहिली. मराठवाड्यातील येलदरी, जायकवाडी ही मोठी धरणे स्वातंत्र्यानंतरची आहेत.

मुस्लिम समाजाचे राहणीमान

संस्थानातील सत्ता मुस्लिम राजघराण्याची होती, यावरून सर्व मुस्लिम समाज सुखवस्तू होता असे गृहीत धरले जाते. अमीर-उमराव, जहागीरदार व वरिष्ठ अधिकारी यांची संख्या थोडी होती. शहरांतील शिपाई, कारकून, कारागीर, आणि खेड्यांतील विणकर, बागवान, पिंजारी, अल्पभूधारक शेतकरी हाच समाजाचा मोठा भाग होता. दुष्काळात बीडची जी घरे ओस पडली त्यांत धर्माचा भेद नव्हता.

या समाजाचा एक दुबळेपणा मात्र तुलनेतून स्पष्ट होतो. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, कारण तेथे सरकारच्या आश्रयाची अपेक्षा नव्हती. समाजाने वर्गणी गोळा करून शाळा काढल्या. हैदराबादमध्ये सरकारी शाळा व सरकारी नोकरी हाच उन्नतीचा मार्ग मानला गेला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने तो मार्ग एकदम बंद झाला. त्याआधी रझाकारांच्या अत्याचारांनी हिंदू जनता होरपळली होती. कारवाईच्या वेळी व नंतर मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या किमान सत्तावीस ते चाळीस हजार असल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. फौज बरखास्त झाली, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि उस्मानियाचे उर्दू माध्यम गेले. जहागीरदाराजवळ काही शिल्लक उरली. त्याच्या पदरी असलेला सेवक, शिपाई, कारकून मात्र उघड्यावर आला.

त्यानंतर समाजाने संस्था उभारण्याचा मार्ग धरला. औरंगाबादेत १९६३ साली डॉ. रफीक झकेरिया यांच्या प्रयत्नाने मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच शहरात दलित समाजासाठी मिलिंद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली होती. राज्याने दुर्लक्षिलेल्या जिल्ह्यात शिक्षण पोचले ते अशा प्रयत्नांमुळे. २००६ च्या सच्चर समितीने २००१ च्या जनगणनेचे आकडे मांडले तेव्हा महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता सुमारे ७८ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून किंचित अधिक दिसली. हा आकडा समाधानाचा आहे. परंतु मुंबई आणि मराठवाड्यातील खेडे यांची ती एकत्रित सरासरी आहे, हे विसरून चालणार नाही.

समारोप

या तुलनेचा शेवट कोणाच्याही विजयात होत नाही. वऱ्हाडला रेल्वे, बाजार व विचारस्वातंत्र्य आधी मिळाले. तरीही १९०० मध्ये तेथील मजूर वाचला नाही. पुढे १९८४ मध्ये दांडेकर समितीने महाराष्ट्राच्या विकासातील अनुशेष मोजला तेव्हा त्यातील सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा निघाला आणि सुमारे साडेतेवीस टक्के मराठवाड्याचा. कापसाच्या पैशाने मिळालेली आघाडी कायम टिकली नाही. दुसरीकडे हैदराबादला स्वतःचे चलन, स्वतःची रेल्वे आणि स्वतःच्या देशी भाषेतील विद्यापीठ होते. तरीही तेथे शंभरातील नव्वद माणसे निरक्षर राहिली. बीड शहरापर्यंत रेल्वेगाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, संस्थान विलीन झाल्यानंतर बरोबर सत्त्याहत्तर वर्षांनी. एवढा विलंब केवळ निजामाच्या माथी मारता येत नाही.

म्हणून दोन राज्यांची तुलना शिकवताना खजिना, इमारती आणि सरासरी यांच्यापलीकडे जाऊन चार साधे प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. गावातील मुलाला त्याच्या भाषेत शाळा होती काय? शेतकऱ्याच्या मालाचे वजन खरे होत होते काय? पीक बुडाल्यावर मजुराच्या हाती धान्य विकत घेण्याइतके पैसे होते काय? आणि अन्याय झाला तर बोलण्याची मुभा होती काय? हे प्रश्न निजामी राज्याला विचारता येतात, इंग्रजी राज्याला विचारता येतात, आणि आजच्या कोणत्याही दोन देशांनाही विचारता येतात. विद्यार्थ्याने आपल्या आजोबांच्या गावापासून त्यांची उत्तरे शोधायला सुरुवात केली, तर पूर्वजांचा खोटा अभिमान आणि खोटी लाज, या दोन्हींपासून तो मोकळा होऊ शकेल.